लवादयोग्य विवादांची कसोटी आणि दाभोळ प्रकरण

आंतरराष्ट्रीय वाणिज्यिक करारात लवादाचे कलम असले की त्यातून उद्भवणारा प्रत्येक विवाद लवादाकडे सोपविता येतो, असा समज रूढ आहे. कोळसा, सिमेंट व लोह उद्योगांच्या घुग्घुस परिसरात या समजाची मर्यादा सहज ध्यानात येते. विदेशी यंत्रपुरवठादाराशी किंमत वा विलंबाबाबत होणारा विवाद लवादयोग्य ठरतो. मात्र भूसंपादनाचा किंवा वनजमिनीच्या वापराला परवानगी देण्याचा अधिकार शासनाचा असून, तो खाजगी करारान्वये लवादाकडे जात नाही.

लवाद व समेट अधिनियम, १९९६ मध्ये लवादयोग्य विवादांची यादी नाही. कलम २(३) अन्य कायद्यांतील निषेध अबाधित ठेवते. कलम ३४ व ४८ अन्वये लवादयोग्य नसलेल्या विषयावरील निवाडा न्यायालय अमान्य करू शकते. ही उणीव सर्वोच्च न्यायालयाने बूझ अ‍ॅलन प्रकरणात (२०११) भरून काढण्याचा प्रयत्न केला. विशिष्ट व्यक्तीविरुद्धचे हक्क सामान्यतः लवादयोग्य, तर सर्व जगाविरुद्धचे हक्क न्यायालयाच्या कक्षेतील, असा भेद त्यात केला गेला. फौजदारी गुन्हे, विवाहविच्छेद, दिवाळखोरी इत्यादी विषय त्यामुळे वगळले गेले.

ही कसोटी सुबोध असली तरी अपुरी आहे. एन्रॉनप्रणीत दाभोळ वीज कंपनी भारतात नोंदलेली, परंतु तिचे भांडवल मुख्यतः विदेशी होते. राज्य वीज मंडळाशी १९९३ मध्ये झालेल्या तिच्या करारात लंडन येथील लवादाची तरतूद होती. २००१ मध्ये मंडळाने, १९९९ साली स्थापन झालेल्या राज्य वीज नियामक आयोगाकडे दाद मागितली आणि आयोगाने लवादाच्या कार्यवाहीस मनाई केली. विवाद वरकरणी दोन पक्षांमधील देण्याघेण्याचा होता. विजेच्या दराचा भार मात्र करारात पक्षकार नसलेल्या ग्राहकांवर पडणार होता.

विद्या द्रोलिया निकालाने (२०२०) त्रयस्थांवरील परिणाम, शासनाची सार्वभौम कार्ये आणि कायद्यातील स्पष्ट वा गर्भित निषेध हे निकष जोडले, हे स्वागतार्ह होय. तथापि लोकहित ही करारभंगाची ढाल होऊ नये. दाभोळच्या विदेशी भागधारकांनी पुढे गुंतवणूक संरक्षण करारांखाली भारताविरुद्ध दावे केले व ते २००५ मध्ये तडजोडीने मिटले. लवादाची मर्यादा करारापूर्वीच कायद्यात स्पष्ट असावी. विवाद पेटल्यावर आखलेली मर्यादा न्याय्य असली तरी प्रतिपक्षास ती पळवाटच भासते.