वर्दीवाल्याला सोडून जाणारी बाई पडद्यावर कुठंय?

२०१८मध्ये ‘मुळशी पॅटर्न’ आला तेव्हा आम्हा मुळशीकरांना आपलाच तालुका पडद्यावर दिसला. प्रवीण तरडेंनी विकलेल्या जमिनींची आणि टोळ्यांत गेलेल्या पोरांची गोष्ट सांगितली. परवा फोनवर पुन्हा बघताना मात्र माझं लक्ष ओम भूतकरच्या राहुलवर नव्हतं, उपेंद्र लिमयेच्या इन्स्पेक्टर कडूवर होतं. शिट्ट्या त्याला पडतात. २०२१मध्ये हिंदीत ‘अंतिम’ झाला, तर त्यात सलमान खानचा पोलीस आणखीच मोठा झाला.

नियम गुंडाळून ठेवणारा पोलीस आपल्याला आवडतो. पण ड्यूटी संपल्यावर त्याच्या बाईनं ‘मला हे नातं नको’ म्हटलं, तर? नियम तो तिथंही गुंडाळेल. तिचं लोकेशन कसं काढायचं, हे त्याला ठाऊक असतं. ती तक्रार द्यायला जाईल त्या ठाण्यात त्याच्याच ओळखीचं कुणी बसलेलं असतं. ‘फरेब’मध्ये (१९९६) मिलिंद गुणाजीचा इन्स्पेक्टर वर्दीचंच हत्यार करतो, पण तिथंही लढाई दोन पुरुषांची, बाई नुसती मधे.

सहायक पोलीस निरीक्षक अश्विनी बिद्रे-गोरे तर स्वतः वर्दीत होत्या. ११ एप्रिल २०१६ रोजी त्या बेपत्ता झाल्या. ज्याच्याशी त्यांचे संबंध होते, त्या वरिष्ठ निरीक्षक अभय कुरुंदकरला अटक व्हायला डिसेंबर २०१७ उजाडला. मधल्या काळात त्याला राष्ट्रपती पदक जाहीर झालं होतं. घरच्यांनी पिच्छा सोडला नाही, म्हणून एप्रिल २०२५मध्ये पनवेलच्या सत्र न्यायालयानं त्याला खुनाबद्दल जन्मठेप दिली. नऊ वर्षं लागली.

आपल्या सिनेमानं सगळ्यात मोठी फसवणूक केलीय ती ‘शेवटच्या भेटी’ची. तिथं पाऊस पडतो, गाणं वाजतं. खऱ्या आयुष्यात सोडून जाण्याचा काळच सगळ्यात धोक्याचा असतो. ‘एकदाच भेट’ म्हणाला तरी एकटीनं जायचं नाही. कागदपत्रं, पैसे आणि धमक्यांच्या मेसेजच्या प्रती आधीच विश्वासू माणसाकडे ठेवायच्या. त्याच्या हाती लागू शकणाऱ्या फोनवर हे काही ठरवायचं नाही. झीरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात देता येते. नाही घेतली, तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांकडे किंवा आयुक्तांकडे, आणि तिथंही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. लग्न न करता नवरा-बायकोसारखे एकत्र राहत असाल, तरी २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली थेट न्यायालयात संरक्षण मागता येतं. त्यासाठी त्याच्या ठाण्याची पायरी चढावी लागत नाही. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे.

यातलं काहीच पडद्यावर दिसत नाही. मला एक सीन बघायचाय: पौडच्या स्टँडवर बहिणीसोबत एक बाई उभी आहे. पिशवीत फाइल आहे. पुण्याची एसटी येते, दोघी चढतात, शिवाजीनगर कोर्टात उतरतात. संध्याकाळी ती जिवंत असते.

या सीनला शिट्टी पडणार नाही. पण तो लिहिला जायला हवा.