एकवाक्यता म्हणजे अचूकता नव्हे

'किल्लारी' या शब्दात अक्षरे किती? लातूर जिल्ह्यातील पहिलीचे मूलही 'कि-ल्ला-री' असे म्हणत तीन सांगेल. ब्राउझरमधील जावास्क्रिप्ट या भाषेत त्याच शब्दाची लांबी मोजली, तर उत्तर येते ८. कारण काना, वेलांटी आणि पाय मोडण्याचे चिन्ह यांना युनिकोडमध्ये स्वतंत्र संकेतांक आहेत. याच रीतीने 'लातूर'चे ५ आणि 'नांदेड'चे ६ होतात. अर्जातील नावाची मर्यादा अशा मोजणीने ठरवली, तर मराठी नाव मध्येच तुटण्याचा धोका असतो.

हा दोष टाळण्यासाठी जावास्क्रिप्टमध्ये 'सेगमेंटर' ही सोय करण्यात आली. मजकुराचे अक्षरश: तुकडे पाडणे हे तिचे काम. ती क्रोममध्ये २०२० साली, सफारीत २०२१ साली, तर फायरफॉक्समध्ये २०२४ साली आली. म्हणजे मधल्या काळात एकच कार्यक्रम एका ब्राउझरमध्ये चाले, दुसऱ्यात अडे. सर्व ब्राउझरांनी सारखे वागावे म्हणून 'टेस्ट २६२' हा सार्वजनिक चाचणीसंच आहे. सोय उपलब्ध आहे का, चुकीची माहिती दिल्यास ती योग्य रीतीने नाकारली जाते का, हे तो कसोशीने तपासतो. हे काम मोलाचे आहे, यात शंका नाही.

परंतु शब्द नेमका कोठे तोडायचा, हे प्रमाणकाने ब्राउझर बनवणाऱ्यांवर सोपवले आहे. युनिकोडचे नियम पाळावेत, एवढी शिफारस केली आहे. त्यामुळे 'किल्लारी'चे तीनच तुकडे पडले पाहिजेत, असा प्रश्न या परीक्षेत सक्तीने विचारता येत नाही. शिवाय युनिकोडचा सर्वसाधारण नियमही २०२३ पर्यंत जोडाक्षर फोडत असे: कि, ल्, ला, री. त्या वर्षीच्या १५.१ आवृत्तीने देवनागरी जोडाक्षरे एकत्र ठेवली. जुन्या नियमाने सर्व ब्राउझरांनी ४ असे उत्तर दिले असते, तर त्यांच्यात पूर्ण एकवाक्यता दिसली असती आणि तरीही सर्वांचे उत्तर चुकलेच असते.

सराव चाचण्यांचे बळ काय असते, हे 'लातूर पॅटर्न' पाहिलेल्या शिक्षकांना सांगायला नको. पण जो प्रश्न पत्रिकेत नाही, त्याची तयारी गुणांवरून कळत नाही, हेही ते जाणतात. म्हणून मराठीची प्रश्नपत्रिका मराठी जाणणाऱ्यांनीच काढायला हवी.

विद्यार्थ्यांनी परिसरातील दहा गावांची नावे घ्यावीत, अक्षरे आधी हाताने मोजावीत, मग दोन ब्राउझरांची उत्तरे शेजारी लिहावीत. 'अर्थात्' मधला शेवटचा 'त्' मोजायचा की नाही, यावर वर्गात वाद होईल. तो अवश्य होऊ द्यावा. कारण अपेक्षित उत्तर आपणच ठरवले नाही, तर यंत्राची चूक आपल्याला ओळखता कशी येणार?