नोंद सापडली, माणूस सापडला का?

धाराशिव जिल्ह्यातल्या एखाद्या शेतकरी घराचा एकोणिसाव्या शतकातला पूर्वज शोधायचा असं तुम्ही ठरवलंत, तर पहिली अडचण जिल्ह्याच्या नावाचीच येते. तुमचा पूर्वज धाराशिव जिल्ह्यात राहत नव्हता, उस्मानाबाद जिल्ह्यातही नव्हता. १८६५ मध्ये पहिल्या सालारजंगांनी निजामी मुलखात जिलाबंदी केली, तेव्हा हा भाग नळदुर्ग जिल्हा झाला. ‘उस्मानाबाद’ हे नाव विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं. १९८२ मध्ये लातूर वेगळा झाला, आणि ‘धाराशिव’ हे नाव जिल्ह्याला सरकारी कागदावर मिळालं २०२३ मध्ये. म्हणजे सूचीत आजचं नाव टाकून काही हाती लागलं नाही, तर ‘नोंदच नाही’ असा निष्कर्ष काढायची घाई करू नका. जुन्या गावासाठी जुना जिल्हा, जुना तालुका शोधावा लागतो.

हे सगळं आज एवढं महत्त्वाचं का, ते तुम्हाला माहीत आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. पहिल्या अहवालाच्या वेळी सरकारने सांगितलं की सुमारे पावणेदोन कोटी नोंदी तपासल्या आणि त्यांत साडेअकरा हजारांच्या आसपास कुणबी नोंदी मिळाल्या. गावोगावी लोकांनी ट्रंका उघडल्या, मोडी वाचणाऱ्यांचे दरवाजे ठोठावले, तहसिलीच्या अभिलेख कक्षाबाहेर रांगा लावल्या. आरक्षणाचा वाद या लेखाचा विषय नाही. मला बोलायचंय ते वाचनाच्या पद्धतीबद्दल. दाखल्यासाठी कागद वाचताना आपण त्यात एक शब्द शोधतो. तो मिळाला की काम झालं, आणि त्या कामापुरतं ते बरोबरच आहे. पण तीच सवय घेऊन आपण संशोधनाला बसलो तर शब्द हाती येतो आणि ज्याच्या नावापुढे तो लिहिलाय तो माणूस कागदातच राहतो.

म्हणून इथे चार प्रकारच्या साधनांकडे टीकाकाराच्या नजरेने पाहू. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा: हे कुणी, कुणासाठी, कशाच्या गरजेने लिहिलं?

सुरुवात गॅझेटियरपासून, कारण २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयानंतर ‘हैदराबाद गॅझेटियर’ हा शब्द चहाच्या टपरीवरही ऐकू येतो. इम्पीरियल गॅझेटियर ऑफ इंडियाच्या प्रांतवार मालिकेतला हैदराबाद संस्थानाचा खंड १९०९ साली निघाला. त्यात जिल्ह्यांची माहिती आहे, पिकं आहेत, बाजारपेठा आहेत आणि १९०१ च्या जनगणनेतून घेतलेले जातवार आकडे आहेत. पण तुमच्या पणजोबाचं नाव त्यात नाही, आणि ते कुणाच्याच पणजोबाचं नाही. राज्यकारभार करणाऱ्याला जिल्हा एका नजरेत दिसावा म्हणून ते लिहिलंय. एखाद्या भागात कुठला समाज किती होता हे त्यातून कळतं. अमुक घर त्या आकड्यात मोजलं गेलं होतं का, हे त्यातून कळत नाही. समूहाच्या आकड्यावरून व्यक्तीकडे उडी मारायची असेल तर मधे व्यक्तीचा स्वतंत्र पुरावा लागतो. ही गोष्ट प्रबंधात जितकी खरी, तितकीच घरच्या वंशावळीत.

दुसरं साधन आत्मचरित्राचं. हैदराबादच्या फौजेचा थकलेला खर्च म्हणून १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड आणि रायचूर दुआबाबरोबर धाराशिव-नळदुर्गचा हा पट्टाही इंग्रजांच्या हाती दिला. तिथे कारभारी म्हणून आला कर्नल मेडोज टेलर. ठगांवरच्या कादंबरीने तो आधीच प्रसिद्ध होता. पुढे १८६३ मध्ये त्याने तुळजापूरची पार्श्वभूमी असलेली ‘तारा’ ही कादंबरीही लिहिली. नळदुर्गच्या किल्ल्यात राहून त्याने महसूल, मोजणी, रस्ते अशी कामं पाहिली आणि १८५७ मध्ये त्याची वऱ्हाडात बदली झाली. त्याचं आत्मचरित्र त्याच्या मृत्यूनंतर, १८७७ मध्ये, मुलीने संपादित करून छापलं.

हे पुस्तक वाचनीय आहे, आणि नेमकं म्हणूनच सांभाळून वाचायचं. एक तर ते आयुष्याच्या शेवटी आठवून लिहिलेलं आहे. दुसरं, मुलीच्या हातून गेलेलं आहे, म्हणजे तीही एका अर्थाने कौटुंबिक नोंदच. तिसरं, त्यात अधिकारी केंद्रस्थानी आहे; जमीन कसणारा माणूस बहुतेक वेळा ‘रयत’ या एका शब्दात येतो. तुमच्या पूर्वजाच्या बांधावरून मोजणीची साखळी ओढली गेली असेल, पण पुस्तकात ती साहेबाची कामगिरी म्हणून दिसते. तरी पुस्तक टाकून देऊ नका. मोजणी कधी झाली, रस्ता कुठून गेला, कारभार कसा बदलला, हा चौकटीचा भाग त्यातून मिळतो. चौकटीच्या आतला माणूस दुसरीकडे शोधायचा.

आणि ‘दुसरीकडे’ म्हणजे कुठे, हा प्रश्नही सोपा नाही. १८६० मध्ये हा मुलूख निजामाला परत मिळाला. म्हणजे १८४० मध्ये जन्मलेला शेतकरी एकाच वाड्यात राहून वयाच्या विशीपर्यंत निजाम, इंग्रज आणि पुन्हा निजाम अशा दोन सरकारांच्या तीन अमलांखाली आला. मधल्या सात वर्षांचा वरच्या पातळीवरचा पत्रव्यवहार रेसिडेन्सीच्या दप्तरात, म्हणजे नवी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात शोधावा लागतो. निजामी कागदांसाठी हैदराबादच्या तारनाक्याचं राज्य अभिलेखागार. गावपातळीवरचे कागद मोडीत, दरबारचे फारसीत, आणि १८८४ च्या सुमारास दरबारी कारभार उर्दूत गेल्यावर उर्दूत. माणूस जागचा हलला नाही, पण त्याचे कागद तीन शहरांत आणि तीन भाषांत विखुरले.

तिसरं साधन गावचं दप्तर. इथे तुम्हाला खरोखर नाव भेटतं, पण आडनाव बहुधा भेटत नाही. ‘अमुक बिन तमुक’ किंवा ‘अमुक वल्द तमुक’, म्हणजे अमुक, तमुकचा मुलगा, एवढंच. एका गावात त्याच नावाच्या बापाचा त्याच नावाचा मुलगा दोन घरांत असू शकतो. म्हणून मागून पुढे येऊ नका, पुढून मागे जा. १९५० च्या दशकातलं खासरा पत्रक, त्याआधीची पाहणी पत्रकं, सेतवार, कोतवाल बुकातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी, अशी एकेक पायरी उतरत जा. प्रत्येक पायरीवर नाव आणि जमीन दोन्ही जुळली पाहिजेत. नुसतं नाव जुळलं तर पायरी कच्ची समजा.

याच कागदांवर एक सुंदर गोष्ट दिसते. लिहिता न येणारा शेतकरी सहीच्या जागी नांगराचं चित्र काढायचा आणि लिहिणारा शेजारी ‘निशाणी नांगर’ असं टिपायचा. अशी निशाणी मिळाली तर तो सगळा कागद पुन्हा वाचा. तिथे तुमचा पूर्वज नोंदवलेलं नाव म्हणून येत नाही. तो साक्ष द्यायला, कर्ज घ्यायला, वाटणी मान्य करायला हजर असतो. आणि ‘कुणबी’ हा शब्द कधी जात सांगतो, कधी धंदा. त्याच कागदावर शेजारच्या नावांपुढे लिहिणाऱ्याने काय लिहिलंय हे पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ ठरवू नका.

आता सनाची भानगड. समजा, एका शेतकऱ्याच्या नावापुढे ‘परागंदा’ असं लिहिलंय, सन १२८७. तुम्ही तो हिजरी धरलात तर साल येतं १८७०-७१. फसली धरलात तर ५९० मिळवून १८७७-७८. फरक फक्त सात वर्षांचा, पण मधे १८७६-७८ चा दख्खनचा दुष्काळ उभा आहे. पहिल्या हिशोबात तुम्ही भाऊबंदकीची किंवा सावकारीची गोष्ट रचायला लागाल. दुसऱ्यात तो माणूस दुष्काळात गाव सोडून गेलेल्या हजारोंतला एक असू शकतो. ‘असू शकतो’ एवढंच म्हणायचं. त्याच यादीत त्या वर्षी आणखी किती जणांपुढे तोच शेरा आहे ते मोजा. एकट्याचाच असेल तर दुष्काळाचं कारण लावताना थांबा. अर्धं गाव असेल तर तुमच्या म्हणण्याला आधार आला.

चौथं साधन तीर्थोपाध्यायांच्या वह्या. तुळजापूर, पंढरपूर, पैठण, त्र्यंबकेश्वर इथल्या घराण्यांकडे यजमानांच्या नोंदी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. ज्याच्या नावावर बिघाभर जमीन नव्हती, तोही देवीला आला असेल तर इथे सापडू शकतो. सरकारी दप्तराची ही उणीव वही भरून काढते. पण वहीतली वंशावळ यजमानाने स्वतः सांगितलेली असते. आलेला माणूस आपल्या आजोबाचं नाव जसं आठवतं तसं सांगतो, आणि उपाध्याय लिहितो. तेव्हा ‘हा माणूस त्या दिवशी इथे आला’ या गोष्टीसाठी वही भक्कम. चार पिढ्या मागच्या नावासाठी ती आठवणीइतकीच भक्कम.

चारही साधनं शेजारी ठेवलीत की एक मोठी पोकळी दिसते, आणि ती योगायोगाने पडलेली नाही. सारा भरणाऱ्याचं नाव आहे, कारण सारा हवा होता. दक्षिणा देणाऱ्याचं नाव आहे, कारण पुढच्या पिढीलाही यजमान ठेवायचं होतं. शेतात राबलेल्या बाईचं नाव सहसा नाही. ती विधवा होऊन जमिनीवर हक्क सांगू लागली की मगच कागदात येते. गावाबाहेर राहायला लावलेल्यांचं नाव वतनाच्या किंवा तंट्याच्या कागदात सापडतं, वंशावळीत क्वचितच. आपले कुलवृत्तांत बापाकडून मुलाकडे सरळ रेघ ओढतात, ती मुळात साऱ्याच्या आणि वारसाच्या दप्तराची रेघ आहे. घर त्या रेघेपेक्षा मोठं होतं.

म्हणून तुम्ही काम सुरू कराल तेव्हा पूर्वजाच्या नावाची वही करू नका. कागदांची वही करा. प्रत्येक कागदासाठी चार गोष्टी टिपा: लिहिणारा कोण, लिहिण्याचं कारण काय, सन कुठला, आणि त्यात कोण असायला हवं होतं पण नाही. चौथा रकाना भरायला वेळ लागतो, आणि मार्गदर्शकही त्याबद्दल क्वचितच विचारतात. तरी तो भरा. पणजीच्या आईचं नाव काय, हे घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईला या आठवड्यातच विचारा. ते नाव कुठल्याही अभिलेखागारात नसण्याची शक्यता मोठी आहे, आणि जिला ते माहीत आहे तिचं वय थांबलेलं नाही.