जीवशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण : निवडीचे निकष

बी.एस्सी.नंतर जीवशास्त्राची कोणती शाखा घ्यावी, हा निर्णय बहुधा विषयाच्या नावावरून वा महाविद्यालयाच्या अंतरावरून होतो. हा निकष अपुरा आहे. वडनेर भोलजी (ता. नांदुरा, जि. बुलडाणा) हा कपाशीचा प्रदेश. २००२ मध्ये मान्यता मिळालेल्या बीटी कपाशीस गुलाबी बोंडअळी पुढे दाद देईनाशी झाली. हा प्रश्न कीटकशास्त्र व आनुवंशशास्त्र या दोहोंचा आहे. त्यावर संशोधन करणारी केंद्रीय कापूस संशोधन संस्था नागपूरला, तर कृषी विद्यापीठ अकोल्यास आहे. मात्र अशा संस्थांतील अनेक पदांसाठी कृषी शाखेची पदवी लागते, प्राणिशास्त्रातील एम.एस्सी.धारकाचा रूढ मार्ग नेट-सेटद्वारे अध्यापनाकडे जातो. म्हणून इच्छित पदाची अर्हता व विभागातील संशोधन प्रवेशापूर्वीच तपासले पाहिजे. विद्यार्थ्यास हे वेळीच सांगण्याचे दायित्व पदवी महाविद्यालयातील अध्यापकाचे आहे.