स्वामित्वहक्काची मुदत आणि लेखकाचा चरितार्थ : खानदेशातील काही उदाहरणे

स्वामित्वहक्काची मुदत वाढली की लेखकाचा चरितार्थ सुलभ होतो, असे अनेकदा गृहीत धरले जाते. खानदेशातील वाङ्मयव्यवहार तपासता हे गृहीतक टिकत नाही. १९५७ च्या कायद्यातील मूळ मुदत लेखकाच्या निधनानंतर ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकुरांचे (निधन १९४१) साहित्य मुक्त होण्याच्या सुमारास, १९९२ च्या दुरुस्तीने, ती ६० वर्षे झाली. लाभ विश्वभारतीस झाला. कवीस तो होणे शक्यच नव्हते.

या संदर्भात बहिणाबाई चौधरी यांचे उदाहरण विशेष बोलके आहे. असोद्याच्या माहेरवाशीण व जळगावच्या सासुरवाशीण असलेल्या या निरक्षर कवयित्रीचे निधन ३ डिसेंबर १९५१ रोजी झाले. पुत्र सोपानदेव व आप्तांनी टिपून ठेवलेली गाणी आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये ग्रंथरूप झाली. मरणोत्तर प्रकाशित साहित्याची मुदत प्रथम प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून मोजली जात असल्याने, त्या संग्रहावरील हक्क २०१२ अखेर संपला. या ६० वर्षांतील एकही दिवस कवयित्रीच्या आयुष्यातील नव्हता. २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठास त्यांचे नाव मिळाले, हा गौरव खराच. पण त्यांची गुजराण झाली ती शेतातील कष्टांवर.

अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमधील शिक्षक साने गुरुजी यांचे निधन ११ जून १९५० रोजी झाले. १ जानेवारी २०११ पासून 'श्यामची आई' (१९३५) कोणत्याही प्रकाशकास छापता येते. वाचकाचा यात लाभच आहे. याउलट १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दिलेली व गुरुजींनी टिपून घेतलेली गीतेवरील प्रवचने विनोबांच्या निधनावरून (१९८२) मोजल्यास २०४२ अखेरपर्यंत संरक्षित ठरतात. म्हणजे उच्चारापासून तब्बल ११० वर्षे, आणि तीही चरितार्थाशी ज्यांचा संबंध नव्हता अशा शब्दांसाठी!

हयात लेखकाचे अर्थकारण निराळेच असते. सांगवीचे भालचंद्र नेमाडे अध्यापन करीत राहिले. खानदेशच्या सीमेवरील पळसखेड्याचे ना. धों. महानोर शेती करीत राहिले. २०० रुपये किमतीच्या ग्रंथाच्या १,००० प्रती तीन वर्षांत खपल्या आणि १० टक्के स्वामित्वधन मिळाले, असे मानले तरी एकूण २०,००० रुपये हाती येतात. दरमहा सुमारे ५५५. निधनानंतरची मुदत ५० वर्षे असो वा ६०, या आकड्यात फरक पडत नाही. फरक पडतो तो खपाने, ग्रंथालयांच्या खरेदीने आणि मुख्यतः कराराने.

मुदतीच्या चर्चेत नेमका हा करारच दुर्लक्षित राहतो. हक्काच्या हस्तांतरणात कालावधी नमूद नसेल तर तो पाच वर्षांचा समजला जातो, अशी तरतूद कायद्याच्या कलम १९ मध्ये आहे. स्वामित्वधनाची रक्कमही लेखी असणे तेथे अपेक्षित आहे. एकरकमी मानधनावर, वा स्वतःच मुद्रणखर्च सोसून, हस्तलिखित देणाऱ्या प्राध्यापक-लेखकांनी स्वाक्षरीपूर्वी वाचावे असे हे कलम आहे.