‘रिकॉल’ आणि तृतीय पुरुष

मायक्रोसॉफ्टने २० मे २०२४ रोजी घोषित केलेल्या ‘रिकॉल’ या सोयीचे नाव स्मरणवाचक आहे; तिचे कार्य मात्र नोंदीचे आहे. संगणकाच्या पडद्याची चित्रे काही सेकंदांच्या अंतराने टिपून ती पुढे शोधता येतील अशी साठविली जातात. मानवी स्मरण निवड करते व विसरते. येथे निवडीचा सारा भार सेटिंगांवर पडतो.

टीकेनंतर या सेटिंगांत सुधारणा झाली, हे मान्य केले पाहिजे. वापरणाऱ्याच्या संमतीवाचून आता ही सोय सुरू होत नाही. विशिष्ट अ‍ॅप व संकेतस्थळे वगळता येतात. चित्रे पुसता येतात.

तथापि ही संमती, व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर, केवळ प्रथमपुरुषी आहे. भिवंडी तालुक्यातील पूर्णा येथील एखाद्या गोदामवाल्याने आपल्या संगणकावर ती दिली, तर पडद्यावर उघडलेल्या बिलटीतील ट्रकचालकाचे नाव व मोबाइल क्रमांकही टिपला जाऊ शकेल. त्या तृतीय पुरुषाच्या हाती कोणतेच सेटिंग नाही. मे २०२५ मध्ये ‘सिग्नल’ने आपल्या विंडोजवरील अ‍ॅपपुरती पडदा टिपण्यास मनाई केली, ती ‘रिकॉल’पासून निरोपांचे रक्षण व्हावे म्हणूनच, कारण पाठविणाऱ्याने नाहीसा होणारा निरोप धाडला, तरी घेणाऱ्याकडे त्याचे चित्र उरू शकते.

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, तो प्रत्येक व्यक्तीचा. केवळ संगणकाच्या मालकाचा नव्हे. म्हणून ‘रिकॉल’ला मराठीत ‘स्मरण’ न म्हणता ‘पडदानोंद’ म्हणणे अधिक प्रामाणिक ठरेल. स्मरणाचा जाब कोणी मागत नाही. नोंदीचा मागता येतो.