माणूसपणाची हद्द आणि पेडणे-डिचोलीचे अमानव

लोकसाहित्य शिकवताना 'माणूस' म्हणजे काय हे आपण बहुधा गृहीतच धरतो. देव, भूत, राक्षस किंवा पशू पाठात आले की त्यांचा उलगडा दोन ठरावीक वाटांनी होतो. एका वाटेने ते प्रतीक ठरतात : राक्षस म्हणजे दुष्ट प्रवृत्ती, भूत म्हणजे मनातली भीती. दुसऱ्या वाटेने ते अंधश्रद्धा ठरतात आणि विषय तेथेच मिटतो. या वाटा परस्परविरोधी वाटल्या तरी त्यांचा मुक्काम एकच आहे. माणसाखेरीज इतर कोणाला स्वतंत्र ओळख असू शकत नाही, हे दोन्हींना मान्य आहे. गोव्याच्या उत्तर भागातील पेडणे आणि डिचोली या तालुक्यांचे लोकाचार पाहिले म्हणजे हे गृहीत तोकडे वाटू लागते. तेथे एखाद्याची ओळख त्याच्या देहावरून ठरत नाही. त्याच्याशी असलेल्या देण्याघेण्यावरून, दिलेल्या शब्दावरून ठरते.

देवचाराचेच उदाहरण घेऊ. गावाच्या सीमेचा हा राखणदार रात्री हातात काठी घेऊन फिरतो, वाट चुकलेल्याला घरी पोहोचवतो, अशी समजूत आहे. त्याला रोट, विडी, सोरो (म्हणजे दारू) ठेवतात. ठेवणाऱ्यांत हिंदूंबरोबर ख्रिस्तीही असतात. पेडण्याच्या उत्तरेस, वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीच्या वेतोबाला चामड्याच्या वहाणा अर्पण करतात आणि रात्रीच्या फेरीने त्यांचे तळ झिजतात असे मानतात. झिजणाऱ्या वहाणा या तपशिलाला प्रतीक म्हणून मोडीत काढणे सोपे नाही. प्रतीकाला चप्पल लागत नाही.

पेडण्याची पुनव हा याच नात्याचा सार्वजनिक आविष्कार होय. कोजागरी पौर्णिमेला रवळनाथ आणि भूतनाथ यांची तरंगे निघतात. भूतनाथाला एका रात्रीत देऊळ हवे असते. ते मिळत नाही म्हणून तो रुसून डोंगराकडे धाव घेतो. लोक त्याची मनधरणी करतात, देऊळ बांधण्याचा शब्द देतात आणि त्याला परत आणतात. देऊळ होत नाही, शब्द मात्र दरवर्षी नव्याने दिला जातो. या विधीकडे केवळ फसवणुकीची गमतीदार कथा म्हणून पाहता येईल. पण ज्याच्यापाशी रुसण्याचा अधिकार आहे आणि ज्याला शब्द द्यावा लागतो, त्याला समाजाने व्यक्ती मानलेले आहे, हेही तितकेच खरे. आपल्याकडे कायद्यानेही देवतेला व्यक्ती मानलेले आहे. मूर्तीच्या नावे मिळकत असते, तिच्या वतीने दावा दाखल होतो. पुनवेत कागदाचे काम तोंडच्या शब्दाने होते, एवढाच फरक.

डिचोली तालुक्यातील साळ गावची गड्यांची जत्रा या विचाराला आणखी पुढे नेते. होळीच्या सुमारास तीन रात्री हा उत्सव चालतो. गडे हे गावातलेच पुरुष. उघडे अंग, कमरेला धोतर अशा वेशात ते जमतात. दूर डोंगरावर देवचाराच्या दिवट्या दिसू लागल्या की त्यांच्या दिशेने धावत सुटतात. त्यांतील काहींना देवचार आपल्यापाशी ठेवून घेतो आणि नंतर परत करतो, अशी श्रद्धा आहे. त्या दिवट्या कोण पेटवतो, या चर्चेत कित्येकांचा उत्साह खर्ची पडतो. समीक्षेच्या दृष्टीने तो प्रश्न दुय्यम होय. एरवी शेत कसणारा, नोकरीला जाणारा माणूस तीन रात्री 'गडो' होतो. त्या काळात त्याने काय केले याचा जाब त्याला नेहमीच्या माणसासारखा विचारला जात नाही, आणि परतल्यावर त्याला कोणी वेडाही म्हणत नाही. माणूसपणाची हद्द ओलांडून पुन्हा आत येण्याची वाट गावाने त्याच्यासाठी मोकळी ठेवलेली आहे.

रंगभूमीवर हीच वाट संकासुराची. पेडणे-डिचोलीत आणि पलीकडे सिंधुदुर्गात जत्रेच्या रात्री दशावतारी काला होतो. गोव्यात त्याला धयकालो म्हणतात. नाव दशावतार असले तरी पूर्वरंगात दहा अवतार येत नाहीत. येतात ते गणपती, रिद्धी-सिद्धी, भट, सरस्वती, ब्रह्मदेव आणि वेद चोरणारा संकासूर; शेवटी विष्णू त्याचा वध करतो. नंतर मुख्य आख्यान लागते. नखशिखांत काळ्या वेशातील हा असुर प्रेक्षकांचा लाडका असतो, आणि त्याचे कारण भाषेत आहे. देवांच्या तोंडी ग्रांथिक, संस्कृतप्रचुर मराठी. संकासूर मात्र गावच्या बोलीत बोलतो, सूत्रधाराची टर उडवतो, समोरच्या मंडळींची चेष्टा करतो. म्हणजे ज्याला कथा अमानव म्हणते तोच प्रेक्षकांच्या घरचा आहे, आणि वेदांचे रक्षक तेवढे परके. 'असुर म्हणजे दुष्ट प्रवृत्ती' हे टिपण फळ्यावर लिहून देणाऱ्या शिक्षकाने एकदा तरी हा प्रवेश रात्री जागून पाहावा. काल्याला बांधील संहिता नसते; संकासुराचे बोलणे त्या त्या रात्री घडते आणि विरते.

माणसाला खटल्यात उभे करण्याची कल्पना केवळ कोकण-गोव्याची नाही. बसरा येथील 'इख्वान-उस-सफा' या १०व्या शतकातील विद्वन्मंडळाच्या रिसाल्यांपैकी एकात पशुपक्षी माणसाच्या मालकीहक्काविरुद्ध फिर्याद मांडतात आणि न्यायासनावर जिनांचा राजा बसतो. १९व्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजसाठी त्याचा उर्दू अनुवाद झाला आणि तो दीर्घकाळ वाचला गेला. निकाल अखेर माणसाच्या बाजूने लागतो. पण तोवर माणसाच्या श्रेष्ठत्वाचे बरेचसे युक्तिवाद पशूंनी खोडून काढलेले असतात. डोना हॅरावे यांनी १९८५ साली 'सायबोर्ग'च्या निमित्ताने माणूस, पशू व यंत्र यांमधील सीमा पुसट झाल्याचे मांडले. त्याची चर्चा आपल्या चर्चासत्रांतून आवर्जून होते. जिनांच्या दरबाराची मात्र होत नाही, याचे नवल वाटते.

तथापि या लोकाचारांचा गौरव करून थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. पुनवेच्या रात्री भूतबाधा झाल्याचे मानल्या जाणाऱ्यांना उतारासाठी पेडण्याला आणण्याची प्रथा आहे. अंगात परकी शक्ती येणे ही घटना गड्याच्या बाबतीत मान ठरते, तर बाधित म्हणून आणलेल्या बाईच्या बाबतीत दोष. गड्याची वाट गावाने राखली आहे. हिच्यासाठी वाट नाही, फक्त काढून टाकायचे भूत आहे. तिला मानसोपचाराची गरज असेल तर ती ओळखण्याची सोयही त्या गर्दीत नाही. 'अमानव' या शब्दाचे दोन भाव आहेत, आणि कोणाला कोणता लागावा हे पुष्कळदा लिंग, जात आणि मानपान ठरवतात.

दशावतारातही परंपरेने स्त्रीभूमिका पुरुषच करतात. लुगडे नेसलेल्या नटाच्या अभिनयाला रात्रभर दाद मिळते. तोच साज एखाद्या तरुणाने उजेडी अंगावर घेतला आणि 'ही माझी भूमिका नाही, ही मीच आहे' असे म्हटले, तर दाद देणारेच तोंड फिरवतात. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या खटल्यात तृतीयपंथी व्यक्तींची ओळख मान्य केली. देवचाराला व्यक्ती मानणाऱ्या समाजाला अशी ओळख समजणे अवघड जाऊ नये, असे वरकरणी वाटते. प्रत्यक्षात ते अवघड जाते, कारण गडो आणि नट यांना दिलेली मोकळीक रात्रीपुरती, ठरलेल्या जागेपुरती असते आणि सकाळी ती परत घेता येते. जे सकाळीही तसेच राहणार आहेत, त्यांच्यासाठी या परंपरेने जागा आखलेली नाही.

सामुदायिक महाविद्यालयांत येणारे विद्यार्थी अनेकदा याच गावांतून येतात. कोणाचा काका गडो असतो, कोणाची आई पुनवेला नेलेली असते. प्रकल्पासाठी त्यांना काल्याला धाडायचे झाल्यास संकासुराची त्या रात्रीची वाक्ये टिपून आणायला सांगावीत. आणि पुनवेला धाडायचे झाल्यास तरंगांच्या छायाचित्रांआधी, तेथे आणलेल्या बाईशी कोण कोण बोलले आणि काय बोलले, हे विचारावे.